रिकामा हौदा

जुना ट्रक बघायला जाताना खिशात लोहचुंबक असावं, मऊ फडक्यात गुंडाळलेलं. गप्पा मारत गाडीभोवती एक फेरी घालायची आणि फिरता फिरता ते पत्र्याला टेकवत जायचं. टपावर, बॉनेटवर, दाराच्या वरच्या अंगाला ते चटकन चिकटतं. मग खाली वाकायचं. केबिनचे मागचे दोन कोपरे, दाराच्या खालच्या बिजागरीचा खांब, पायरीची आतली बाजू. तिथे चुंबक हातातून निसटून खाली पडलं, तर समजायचं की पत्रा केव्हाच गेला आणि वर दिसते आहे ती नुसती लांबी, रंगाऱ्याने भरलेली. घासून, पॉलिश पेपर मारून, रंग चढवून ती इतकी बेमालूम बसवलेली असते, की डोळा फसतो आणि बोटही फसतं.

मिशिगनमध्ये मी पाहिलेल्या बहुतेक ट्रकांच्या कोपऱ्यांनी चुंबकाला थारा दिला नाही. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पडतं. ज्या डेट्रॉइटने जगाला मोटारींची सवय लावली, त्याच शहराच्या पोटात, सुमारे १,२०० फुटांवर, मिठाची खाण आहे. शंभराहून जास्त वर्षं झाली तिला, आणि तिथलं मीठ रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला जातं. वर मोटारी घडवायच्या, खालून मीठ उपसायचं आणि ते त्याच मोटारींच्या पोटाखाली पसरायचं, असा या गावाचा परिपाठ. शहाणी माणसं म्हणून ॲरिझोनातून ट्रक मागवतात. तिकडच्या कोरड्या हवेत पत्रा ठणठणीत राहतो. रबर, वायरिंगचं आवरण आणि सीट मात्र उन्हाने करपून हातात भुगा होऊन येतात. करपलेलं रबर बदलायला सोपं, सडलेला पत्रा बदलायला अवघड, हे गणित मला समजत होतं. तरीही मी इथलाच घेतला.

पश्चिम मिशिगनमधल्या एका सफरचंदाच्या बागेतला. १९५१ चा शेवरोले ३१००, अर्ध्या टनाचा. दाराच्या खांबावरच्या पाटीवर पहिला आकडा १, म्हणजे फ्लिंटच्या कारखान्यातला. पुढची अक्षरं जेपी, म्हणजे एकावन्न सालचा अर्धाटनी. पाटीवरचा नंबर आणि मालकीच्या कागदावरचा नंबर अंक-अंक ताडून बघायचा, मगच पैशांचं बोलायचं. या वयाच्या गाड्यांचे कागद हरवलेले असतात, कधी कागद एका ट्रकचा आणि पाटी दुसऱ्याची असते. विकणारे आजोबा ऐंशीच्या पुढचे. नंबर जुळवत असताना ते बाजूला उभे राहून सांगत होते, की हा ट्रक त्यांच्या वडिलांनी नवा घेतला आणि सफरचंदाच्या लाकडी पेट्या बाजारात नेल्या. पुढे फळं नेणं बंद झालं तेव्हा खत, कुंपणाचे खांब, आजारी वासरं. दारावर बागेचं नाव रंगवलेलं होतं, त्यावरून नंतर कुणीतरी रंगाचा हात फिरवलेला. तिरक्या उन्हात अक्षरं अजून उमटतात.

घरी आणून केबिनमधली चटई उचलली तर पायाखालच्या भोकावर एक जुनी नंबर प्लेट रिव्हेटने ठोकलेली निघाली, १९५९ सालची. शेतकऱ्याची दुरुस्ती. हाताशी जे होतं ते ठोकलं आणि ट्रक पुन्हा कामाला लावला. अशा खुणा पुढे सापडतच गेल्या: सायलेन्सरला कुंपणाची तार, हौद्यात एक फळी ओकची आणि बाकी पाइनच्या, फाळक्याच्या साखळीत एक कडी वेगळ्याच जाडीची. वेल्डिंग करणाऱ्या माझ्या मित्राचा आग्रह होता की सगळं कापून नवं घालू. कॅटलॉगमधून या ट्रकचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो. केबिनचे कोपरे, पायऱ्या, फाळका, सगळं. मनात आणलं तर डब्यांतून अख्खा नवा १९५१ चा ट्रक उभा करता येईल. कोपरे आणि खांब मी बदलले, कारण केबिन त्यांच्यावर उभी असते आणि तिथे भावनेला जागा नाही. नंबर प्लेट राहू दिली. जमिनीला ठिगळ असलं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

फ्लिंट इथून तासाभराच्या अंतरावर. १९३६ च्या डिसेंबरअखेरीस तिथल्या कामगारांनी जनरल मोटर्सच्या कारखान्यांत आतच बैठक मारली. ४४ दिवस, ऐन थंडीत, यंत्रांच्या शेजारी गोण्या-गाद्या टाकून. ११ फेब्रुवारी १९३७ ला कंपनीला युनियन मान्य करावी लागली. माझ्या ट्रकचे नट आवळणाऱ्या हातांपैकी काही त्या बैठकीतले असतीलही. चौदा वर्षं म्हणजे कामगाराच्या आयुष्यात फार नव्हेत. फ्लिंटचं नाव पुढे वेगळ्याच कारणाने जगभर झालं. २०१४ च्या एप्रिलमध्ये पैसे वाचवायला म्हणून शहराचं पाणी फ्लिंट नदीवर वळवलं गेलं. ऑक्टोबरात तिथल्या इंजिन कारखान्याने सांगितलं, की या पाण्यात क्लोराइड जास्त आहे, आमच्या सुट्या भागांना गंज चढतो. कारखान्याला दुसरीकडचं पाणी मिळालं. त्याच पाण्याने घरोघरच्या नळांतलं शिसं सुटत होतं, आणि शहराला जुनं पाणी परत मिळायला आणखी वर्ष गेलं. चुंबक घेऊन वाकलेली असताना हे हटकून आठवतं. लोखंडाची काळजी घेणारी यंत्रणा किती तत्पर असते! मीही तिच्यातलीच एक, हे कळतं आणि तरी मी पॉलिश पेपर घासत राहते.

इंजिनाकडे वळायला हवं, कारण या ट्रकचा खरा स्वभाव तिथे आहे. सरळ रांगेत सहा सिलिंडर, २१६ घन इंच, म्हणजे साडेतीन लिटर, आणि त्यातून ताकद ९२ अश्वशक्ती. आजच्या हिशेबाने थट्टाच. पण ही ताकद खाली, हळू फेऱ्यांत मिळते. चिखलातून पेट्या ओढायला तीच लागते. आत तेल पोचवण्याची तऱ्हा अजब आहे. मुख्य बेअरिंगांना पंपाने तेल जातं, पण कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक छोटी पळी असते. दर फेऱ्याला ती खालच्या पन्हळीत बुडते, तेल उचलते आणि रॉडच्या बेअरिंगला पाजते. वेग वाढला की पन्हळीच्या बाजूच्या नळीतून चिळकांडी उडून थेट पळीवर येते. म्हणून तेलाच्या दाबाचा काटा तीसपर्यंतच्या तबकडीवर मध्याच्या आसपास, चौदा-पंधरावर बसून राहतो. नव्या गाडीची सवय झालेला माणूस हे बघून घाबरतो, गाडी बंद करतो, गॅरेज शोधतो. काही तर घाबरून अख्खं इंजिनच काढून तिथे आधुनिक व्ही-एट बसवतात. मग तो ट्रक महामार्गावर सुसाट जातो, आणि त्याच्यात १९५१ चं असं फक्त नाक उरतं. मला हे पटत नाही. पळायचंच असेल तर दुसऱ्या शेकडो गाड्या आहेत.

अण्णांना फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता. अण्णा दापोडीच्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत फिटर होते. मग म्हणाले, "रॉडला शेल बेअरिंग नाहीत? व्हाइट मेटल ओतलंय?"

"हो अण्णा. टोपीखाली शिम आहेत."

"मग जपून, पोरी. आमच्या उस्तादांच्या तोंडून ऐकलंय मी याचं. बेडफर्डवर हात बसलेला माणूस."

१ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली ती बेडफर्डची होती. आणि बेडफर्ड म्हणजे शेवरोलेचाच विलायती चुलतभाऊ. १९३१ साली इंग्लंडात ल्यूटनला बेडफर्डचे पहिले ट्रक निघाले ते शेवरोलेच्याच आराखड्यावर बेतलेले. खुद्द शेवरोलेही मुंबईला परकी नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडायला घेतल्या होत्या आणि १९५४ मध्ये तो गाशा गुंडाळला. म्हणजे मी मिशिगनमध्ये ज्या इंजिनाखाली पाठ टेकून पडले होते, त्याच्या भाऊबंदांनी मोशीचा आणि शिरूरचा धुरळा खाल्लेला होता. अण्णांना हे नातं लगेच उमगलं. त्यांनी उस्तादांची रीत सांगितली: ऑइल चेंबर उतरव, एकेक रॉडची टोपी सोड, पातळ शिम दोन्ही बाजूंनी सारखेच काढ, आवळ, हाताने फिरवून बघ. फट मोजायला माझ्याकडे प्लास्टिकचा बारीक धागा होता. टोपीखाली चेपला की जितका पसरेल त्यावरून पट्टीवर माप वाचायचं. दोन थाऊ. म्हणजे इंचाचे दोन हजारांश. अण्णांना धाग्याचं कौतुक वाटलं नाही. "हाताला कळतं," एवढंच म्हणाले.

टॅपेट लावणं हा त्याहून मजेचा प्रकार. इंजिन तापलेलं हवं आणि चालूही हवं. वरचं झाकण काढायचं, की बारा रॉकर नाचताना दिसतात. नाचत्या रॉकरखाली फिलर गेजची पातळ पट्टी सरकवायची, एका हातात पाना, एका हातात स्क्रू ड्रायव्हर, आणि पट्टी सांभाळायला तिसरा हात कुठून आणायचा ते ज्याचं त्याने बघावं. इन्लेटला सहा ते आठ थाऊ, एक्झॉस्टला जवळजवळ दुप्पट, कारण एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि लांबतो. गरम तेलाचे शिंतोडे मनगटावर उडतात. पट्टी हलकी अडखळत सरकली की बरोबर. फोन बॉनेटवर ठेवलेला असतो आणि पुण्यात मध्यरात्र असली तरी अण्णा आवाज ऐकत असतात. "चौथ्याचा एक्झॉस्ट वाजतोय," म्हणतात. बहुतेक वेळा तोच असतो.

विजेची गंमत वेगळी. बॅटरी सहा व्होल्टची, ती उजवीकडच्या माणसाच्या पायाखाली झाकणाआड. व्होल्टेज निम्मं म्हणजे तितक्याच कामाला करंट दुप्पट, म्हणून तारा जाड लागतात. मधल्या कुणा मालकाने दुकानात मिळाली ती बारा व्होल्टची बारीक केबल लावली की स्टार्टर कण्हायला लागतो, आणि मग लोक ठरवतात की सहा व्होल्टमध्येच दम नाही. जाड केबल घाला, अर्थ जिथे बसतो तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करा, बघा कसा फिरतो. स्टार्टरला बटण नाही, पायाने दाबायचा खटका आहे. डावा पाय क्लचवर, उजव्या पायाची टाच एकीकडे आणि चवडा दुसरीकडे. माझी मुलगी पहिल्यांदा हे बघून म्हणाली, "आई, तू गाडी चालवतेयस की पेटी वाजवतेयस?"

वायपर इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतात. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की ओढ संपते आणि ऐन पावसात ते काचेच्या मध्यावर थांबतात. पाय उचला, की पुन्हा पुसायला लागतात. पेट्रोलची टाकी सीटच्या पाठीमागे केबिनमध्येच. थोडा वास कायम येतो, जास्त आला तर थांबून बघायचं. ब्रेकबद्दल मात्र विनोद करत नाही. चारही चाकांना मिळून तेलाची एकच वाट. एक नळी फुटली, एका चाकाचा सिलिंडर गळला, की पायाखालचं पेडल थेट जमिनीला. म्हणून हौसेच्या यादीत ब्रेक सगळ्यात आधी: नळ्या सगळ्या नव्या, लायनर नवे, मास्टर सिलिंडर नवा, रंग-रंगोटी नंतर कधीतरी. विकत घेताना चकचकीत रंग आणि जुने ब्रेक असा ट्रक दिसला, की त्याच्या मालकाबद्दल माझं मत तिथेच तयार होतं.

रंगाचंही एक राजकारण आहे. त्या काळी सांगितला नाही तर ट्रक गर्द हिरवा यायचा, फॉरेस्टर ग्रीन. एक पंथ म्हणतो, नट-बोल्टसकट कारखान्यातून निघाला तसा करा. दुसरा म्हणतो, ऊनपावसाने झिजलेला रंग हीच खरी कमाई, हात लावू नका. दोन्ही समजू शकते. तिसरा पंथ नव्या पत्र्यावर रसायनं मारून खोटा गंज चढवतो आणि दारावर कधीच नसलेल्या एखाद्या डेअरीचं नाव मुद्दाम पुसट रंगवतो. त्यांच्यापुढे मात्र माझी वाचा बसते.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या उपनगरांतून वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा निघते. १९९५ पासून. हजारो गाड्या, मैलोगणती. तिथे या मॉडेलचे ट्रक रांगेने दिसतात आणि त्यांचे हौदे बघण्यासारखे असतात: ओकच्या फळ्या, त्यांवर व्हार्निशचे थर, मध्ये स्टीलच्या पट्ट्या आरशासारख्या. त्यात कुणी एक वीट ठेवली तर मालकाला घेरी येईल. एकाने हौद्यात गालिचा अंथरला होता. मी तिथे उभी राहून विचार करत होते, की हे वाहन जन्माला आलं ते ओझ्यासाठी. १९२५ साली फोर्डने मॉडेल टीच्या पाठीवर लोखंडी हौदा बसवून कारखान्यातूनच पिकअप विकायला काढला. त्याआधी शेतकरी मोटारीचं मागचं अंग कापून घरीच हौदे ठोकत. मोटारी जपल्या गेल्या, कारण त्या मिरवायच्या होत्या. पिकअप राबवले गेले, चेपले, सडले आणि भंगारात गेले. जे थोडे उरले त्यांना आता मान आहे, आणि त्या मानाची पहिली अट अशी की यापुढे काम करायचं नाही.

ही अट कायद्यातसुद्धा आहे. मिशिगनमध्ये २६ वर्षांपुढच्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची पाटी मिळते, स्वस्तात. मात्र ती लावली की गाडी प्रदर्शनाला, क्लबच्या कार्यक्रमाला, मिरवणुकीला न्यायची; ऑगस्टात तेवढी हौसेने फिरवायची मुभा. भारतातही जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपात राखलेली गाडी, नंबरात व्हीए ही अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, आणि व्यापारी वापर बंद. नियम करणाऱ्यांची अडचण मला कळते. जुन्या धुराड्यांनी रोज माल वाहू नये, हे योग्यच. पण वर्षाला दोन-चारदा खत आणलं तर आभाळ कोसळणार नाही. मी ऐतिहासिक पाटी घेतली नाही. साधी घेतली, दरवर्षी पैसे भरते, आणि हौद्यात कंपोस्ट घालते.

गंमत म्हणजे माझ्या ट्रकला वर्षातून एकदा मिरवणूक मिळते ती या पाटीविनाच. मंडळाचा गणपती ज्या शाळेच्या हॉलमध्ये बसतो, तिथल्या पार्किंगमध्ये विसर्जनाआधी फेरी निघते. मूर्ती कागदाच्या लगद्याची, पुढे ढोल-ताशावाली पोरं, मागे नऊवारी नेसून बूट घातलेल्या बायका, आणि मध्ये १९५१ चा शेवरोले पहिल्या गिअरमध्ये. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवावा लागत नाही. इंजिन आपल्या आपण माणसाच्या चालीने ओढत राहतं. अडचण एवढीच की या चालीत जनरेटर बॅटरी चार्ज करत नाही. हेडलाइट लावून दोन गाणी वाजली की उजेड पिवळा पडतो. म्हणून आता माळेचे दिवे वेगळ्या बॅटरीवर असतात आणि हेडलाइट बंद. मूर्तीसाठी फळ्यांवर सतरंजी घालावी का, यावर मंडळात चर्चा झाली. घातली. सतरंजीखाली खताचा वास होता, तो उदबत्तीने झाकला.

गेल्या वसंतात मागच्या अंगणात वाफे करायचे होते. खडी आणि माती आणायची होती. अण्णांना फोन लावला, कारण मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा मी नुकत्याच बसवल्या होत्या आणि त्यांच्यावर माझा अजून विश्वास बसला नव्हता.

"अर्धा टन म्हणजे त्यांचा की आपला?" अण्णांनी विचारलं.

"त्यांचा. हजार पौंड. साडेचारशे किलो."

"म्हणजे पन्नासची नऊ पोती."

"कागदावर नऊ. पण सत्तर वर्षांचा ट्रक आहे, अण्णा. मी पाच म्हणत होते."

"स्प्रिंगा नव्या आहेत, चॅसी सडलेली नाही, ब्रेक तू केलेस," ते म्हणाले. "नऊ टाक. पुढच्या बाजूला, केबिनला टेकवून लाव. फाळका नीट लागलाय ना बघ. आणि दहावं फुकट देत असला तरी घेऊ नकोस."